जुनी गाडी घेतली आणि पंधरा दिवसांत काम निघालं: बिल कोणी भरायचं?

सेकंड हँड गाडी दारात येते, नारळ फुटतो, पेढे वाटून होतात आणि दुसऱ्याच आठवड्यात खंबाटकीच्या चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी काही पुढे सरकत नाही. किंवा सकाळी गाडी सुरू केली की चेक इंजिनचा पिवळा दिवा विझायचं नाव घेत नाही. अशा वेळी बहुतेक जण सरळ ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे जातात. तो बोनेट उघडतो, दोन होज काढून बघतो, एखादा सेन्सर बदलून बघतो. चूक इथेच होते. वॉरंटी असेल तर तपासणीआधी तो भाग बाहेर कोणी उघडलेला नसावा, ही तिची बहुधा पहिली अट असते. 'बाहेर काम झालेलं आहे' असा शेरा एकदा वर्कशॉपच्या जॉब कार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) पडला की पुढचा खर्च तुमचा.

म्हणून कोणालाही पाना लावू देण्याआधी ठरवायचं ते एवढंच: या गाडीला वॉरंटी आहे का, आणि असेल तर कोणाची?

वॉरंटी कोणाची, हे आधी शोधा

पहिली असते ती कंपनीची मूळ वॉरंटी. खासगी वापराच्या गाडीत ती सहसा गाडीबरोबर चालते. मालक बदलला तरी उरलेली मुदत कायम राहते. मुदत मोजायची ती पहिल्या मालकाला गाडी मिळाली त्या तारखेपासून. उत्पादनाचा महिना इथे उपयोगाचा नाही, आणि तुम्ही गाडी घेतलीत तो दिवस तर नाहीच. वर्षं आणि किलोमीटर यांपैकी जे आधी भरेल तिथे वॉरंटी संपते. मारुती सुझुकीचं उदाहरण घ्या. जुलै २०२४ मध्ये कंपनीने वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरवर नेली, पण ती तेव्हापासून विकलेल्या गाड्यांसाठी. त्यामुळे मार्च २०२३ मध्ये विकलेल्या बलेनोच्या मीटरवर आज ३८,००० दिसत असले, तरी तिची मूळ वॉरंटी मार्च २०२५ मध्येच संपली. एजंट मात्र 'आता मारुतीला तीन वर्षं असते' असं बिनदिक्कत सांगतो.

इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक मेख आहे. काही कंपन्या बॅटरीवर आजीवन वॉरंटी देतात, पण ती फक्त पहिल्या मालकापुरती. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की ती ठरावीक वर्षं आणि किलोमीटरवर येते. जाहिरातीतला आकडा सोडून द्या आणि वॉरंटी पुस्तिकेतलं 'पुढचा मालक' हे कलम वाचा.

दुसरी एक्स्टेंडेड वॉरंटी. ती पहिल्या मालकाने जादा पैसे भरून घेतलेली असते आणि ती तुमच्या नावावर आपोआप होईलच असं नाही. बहुतेक कंपन्या नव्या आरसीची प्रत आणि अर्ज मागतात, काही थोडं शुल्क घेतात, काही मुदत घालतात. आरसी नावावर झाल्याबरोबर करायचं हे पहिलं काम.

तिसरी विक्रेत्याची. मारुतीच्या ट्रू व्हॅल्यूसारखे कंपन्यांचे जुन्या गाड्यांचे विभाग प्रमाणित गाड्यांवर एक वर्षापर्यंतची वॉरंटी आणि तीन मोफत सर्व्हिस देतात. ऑनलाइन विक्रेते आणि मोठे डीलरही आपापली वॉरंटी देतात. ती कधी स्वतःची असते, कधी तिसऱ्याच एखाद्या वॉरंटी कंपनीकडून घेतलेली. दुसऱ्या प्रकारात क्लेम डीलरकडे नाही, त्या कंपनीकडे करावा लागतो. नंबर आधीच शोधून ठेवा.

चौथीकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही: सुट्या भागांची वॉरंटी. बॅटरी, टायर, सीएनजी किट, म्युझिक सिस्टिम यांची कार्डं आणि बिलं मागून घ्या. आठ महिन्यांपूर्वी बदललेली बॅटरी बंद पडली आणि तिचं कार्ड हातात असेल, तर नवी बॅटरी फुकट मिळण्याची बरीच शक्यता असते. कार्ड जुन्या मालकाच्या ग्लव्ह बॉक्समधल्या कचऱ्याबरोबर गेलं असेल तर भुर्दंड तुम्हाला.

हे सगळं शोधण्याची किल्ली म्हणजे चासी नंबर: सतरा अक्षरं-आकडे, आरसीवर छापलेले आणि गाडीवर कोरलेले. तो घेऊन त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि चार गोष्टी विचारा: पहिल्या विक्रीची तारीख, एक्स्टेंडेड वॉरंटी आहे का व कधीपर्यंत, आजवरच्या सर्व्हिसच्या तारखा आणि त्या वेळचे किलोमीटर, आणि एखादं रिकॉल बाकी आहे का. सेंटरचं जाळं देशभर एकच असल्याने गाडी दिल्लीहून किंवा बंगळूरहून आलेली असली तरी नोंदी पुण्यात, नाशकात दिसतात. आरसी अजून तुमच्या नावावर नसेल तर काही सेंटर माहिती द्यायला कां-कूं करतात. मग जुन्या मालकाला फोन करायला सांगा.

सर्व्हिसच्या नोंदींमध्ये मीटरची चोरीही पकडली जाते. २०२२ मध्ये ६१,००० किलोमीटरला सर्व्हिस झालेली गाडी आज ४७,००० दाखवत असेल, तर तुमचा विषय वॉरंटीचा राहिलाच नाही. तो फसवणुकीचा झाला. त्या नोंदीची छापील प्रत तिथल्या तिथे घ्या.

रिकॉल वॉरंटीपासून वेगळं असतं. कंपनीने एखादा सदोष भाग परत बोलावला असेल तर वॉरंटी संपलेली असली आणि तुम्ही तिसरे मालक असलात तरी तो भाग मोफत बदलून मिळतो. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकून हे घरबसल्या बघता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि एअरबॅगचं रिकॉल असेल तर जिवाचं काम आहे.

'इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी' म्हणजे नेमकं काय

विक्रेत्याच्या वॉरंटीत सगळ्यात फसवे शब्द हे. ऐकणाऱ्याला वाटतं की बोनेटखाली जे काही आहे ते सगळं आलं. कागदावर मात्र बहुधा लिहिलेलं असतं 'इंजिनाचे तेलात चालणारे अंतर्गत भाग', म्हणजे पिस्टन, रिंग, कनेक्टिंग रॉड, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, ऑइल पंप. टर्बो, इंजेक्टर, हाय प्रेशर पंप, इसीएम (इंजिनाचा संगणक), सेन्सर, रेडिएटर, वॉटर पंप, अल्टरनेटर, स्टार्टर हे सगळे इंजिनाला चिकटलेले, पण अनेक कागदांत वॉरंटीच्या बाहेर. गिअरबॉक्समध्येही गिअर आणि शाफ्ट आत, क्लच बाहेर, एएमटीचा (क्लच पेडल नसलेल्या गिअरबॉक्सचा) अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणारं यंत्र, बहुधा बाहेर. गंमत अशी की पाच-सात वर्षांच्या गाडीत पिस्टन आणि क्रँक क्वचितच जातात. जातात ते हे बाहेरचेच भाग.

म्हणून आधी वॉरंटीची रचना बघा. 'खालील भाग समाविष्ट' अशी यादी असेल तर यादीत नसलेलं सगळं बाहेर. 'खालील भाग वगळून सर्व' असं असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम. त्यानंतर हे शोधा:

- एका क्लेमची आणि एकूण रकमेची मर्यादा. एकूण मर्यादा ३०,००० असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामात ती अर्ध्या वाटेवर संपते.
- सुरुवातीचे काही दिवस क्लेम चालत नाही अशी अट. नेमक्या त्याच दिवसांत जुने दोष वर येतात.
- मजुरी, गॅस्केट, ऑइल, कूलंट धरलेत का. इंजिन उघडलं की तीन-चार लिटर ऑइल, कूलंट आणि गॅस्केट सेट लागतोच.
- भाग उघडून तपासण्याचा खर्च क्लेम नाकारला तर कोणाचा.
- सर्व्हिस कुठे आणि किती दिवसांनी करायची. 'आमच्याच वर्कशॉपमध्ये' अशी अट असेल आणि तुम्ही लातुरात, वर्कशॉप ठाण्यात, तर त्या वॉरंटीचा उपयोग किती, ते गाडी घेण्याआधीच ठरवा.
- काम सुरू करण्याआधी मंजुरी घेण्याची अट. ही जवळजवळ सगळीकडे असते आणि क्लेम बुडण्याचं एक नेहमीचं कारणही हीच असते.

वॉरंटीच्या कागदापेक्षा जास्त उपयोगी पडणारा एक कागद मात्र लोक फेकून देतात: विक्रीआधीचा तपासणी अहवाल. 'दीडशे मुद्द्यांची तपासणी' असं मिरवणारा डीलर प्रत्येक मुद्द्यापुढे 'ठीक' अशी खूण करतो. क्लच झिजेचा भाग म्हणून वॉरंटीत बसत नाही, हे खरं. पण अहवालात विक्रीच्या दिवशी 'क्लच – ठीक' असं लिहिलेलं असेल आणि ३०० किलोमीटरमध्ये तो घसरू लागला, तर तुमची तक्रार वॉरंटीची राहत नाही. डीलरने गाडीचं वर्णन चुकीचं केलं, ही ती तक्रार. झिजेचं कलम तिथे आडवं येत नाही. अहवाल फक्त अ‍ॅपमध्ये दिसत असेल तर लगेच पीडीएफ उतरवून घ्या आणि पडद्याचे फोटो काढा. गाडी विकली गेली की पान गायब होऊ शकतं.

पहिले पंधरा दिवस

गाडी ताब्यात घेतली त्याच दिवशी चारही बाजूंनी, बोनेटखाली आणि मीटरचा व्हिडिओ काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू करतानाचा वेगळा व्हिडिओ घ्या: डॅशबोर्डवरचे दिवे, पहिल्या दहा सेकंदांचा आवाज, सायलेन्सरचा धूर. विक्रेता गाडी दाखवताना इंजिन नेहमी गरम करून ठेवतो. थंड सुरुवातीला जे ऐकू येतं ते त्याने तुम्हाला ऐकू दिलेलं नसतं.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकात साठलेले दोषांचे कोड वाचणारं छोटं यंत्र, हजार रुपयांच्या आसपास मिळतो, ब्लूटूथने फोनला जोडता येतो, आणि सेकंड हँड गाडी घेणाऱ्याने तो घ्यावाच. कोड दिसला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. विक्रीआधी कोड पुसून दिवा विझवणं हा जुना धंदा आहे. स्कॅनरमध्ये 'रेडिनेस मॉनिटर' बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्यात का ते. पाच-सहा मॉनिटर 'नॉट रेडी' दिसत असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलेली होती. 'कोड पुसल्यानंतरचं अंतर' हाही आकडा बऱ्याच गाड्यांत मिळतो. तो १२ किलोमीटर असेल आणि तुम्ही गाडी कालच ११ किलोमीटर चालवत घरी आणली असेल, तर हिशेब सरळ आहे. त्या पडद्याचा फोटो तारखेसह ठेवा, मग आठवडाभर गाडी चालवून पुन्हा स्कॅन करा. दडवलेला कोड परत येतो.

त्याच आठवड्यात अधिकृत सेंटरमध्ये जनरल चेकअप करून घ्या. 'सर्व्हिस करा' म्हणू नका. 'फक्त तपासणी, आढळलेले दोष जॉब कार्डवर लिहून द्या' असं सांगा. त्या कागदावर किलोमीटर आणि तारीख येते. दोष विक्रीआधीपासूनचा होता हे दाखवायला याहून चांगला पुरावा नाही. घरी बघण्यासारखं एवढंच: इंजिन बंद असताना बॅटरी साधारण १२.५ व्होल्ट आणि चालू असताना १४ च्या आसपास. कूलंटची पातळी इंजिन थंड असताना. ऑइलच्या झाकणाखाली दुधट चिकटा. टायरवरचा चार आकडी कोड, ज्यात २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. दुधट चिकट्याने लगेच घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ओलाव्यामुळे झाकणाखाली थोडा चिकटा साठतो. डिपस्टिकवरही तो दिसला आणि कूलंट कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेल्याचा संशय धरा.

पुरातली गाडी ओळखायची असेल तर ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. तळाशी गाळाची रेघ असेल तर ती धुऊन सहसा जात नाही. सीटखालच्या रुळांचा गंज आणि कार्पेटखालच्या कनेक्टरवरची हिरवी बुरशी बघा. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा आणि २०२१ चा चिपळूण-महाडचा पूर पाहिलेल्या गाड्या आजही बाजारात फिरत असतील, आणि त्यांचे वायरिंगचे आजार वर्षं उलटल्यावरही निघतात. पाणी शिरलेल्या गाडीवर कुठलीच वॉरंटी चालत नाही. इथे मार्ग फक्त गाडी परत करण्याचा.

कागदपत्रं थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी नावावर करा. कायद्याने खरेदीदाराला ३० दिवस आहेत. विमा १४ दिवसांत नावावर करण्याचा अर्ज द्या, नाहीतर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाचा हप्ता भरावा लागेल. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं आणि गाडी डीलरकडे दिल्याची सूचना मूळ मालकाने फॉर्म २९सी ने द्यायची असते. डीलरकडे हे नसेल आणि व्यवहाराचे कागद थेट मूळ मालकाच्या नावाने केले असतील, तर उद्या डीलर 'मी फक्त ओळख करून दिली' म्हणायला मोकळा. म्हणून बिल डीलरने स्वतःच्या नावाने दिलेलं हवं आणि पैसे त्याच्याच खात्यात जायला हवेत.

दोष निघाला: कामाचा क्रम

१. गाडी थांबवा. लाल दिवा म्हणजे ऑइलचा दाब किंवा तापमान. बऱ्याच लहान गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागल्यावर 'गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे' म्हणून गाडी पळवली की हेड वाकतं, आणि क्लेम तिथेच संपतो. सुरुवातीचा दोष वॉटर पंपाचा असला तरी पुढचं नुकसान तुमच्या निष्काळजीपणाच्या खात्यात जातं. कोड पडला त्या क्षणाचा वेग आणि तापमान बहुतेक गाड्यांचा इसीएम साठवून ठेवतो. तंत्रज्ञाला ते दिसतं. खोटं बोलून उपयोग नाही.

२. पुरावा घ्या. आवाजाचा व्हिडिओ, डॅशबोर्डचा फोटो, मीटरचे किलोमीटर, स्कॅनरचा कोड. कोड पुसू नका.

३. लेखी कळवा. फोन केलात तरी त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप पाठवा. गाडीचा नंबर, चासी नंबर, खरेदीची तारीख, तेव्हाचे आणि आताचे किलोमीटर, लक्षण, आणि 'तपासणीसाठी गाडी कुठे आणू ते कळवा'. एवढं पुरे. राग नंतर काढता येतो.

४. लक्षण लिहा, निदान लिहू नका. हा मुद्दा नीट समजून घ्या. जॉब कार्डवर 'क्लच गेला' असं लिहिलंत तर झिजेचा भाग म्हणून क्लेम तिथेच मिटतो. 'चौथ्या गिअरमध्ये ५० च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही, जळका वास येतो' असं लिहिलंत तर कारण शोधणं वर्कशॉपवर पडतं. कदाचित क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलमधून गळती होऊन प्लेट तेलकट झाली असेल. सील वॉरंटीत असेल तर सगळा हिशेब बदलतो. तसंच 'एसी खराब' लिहू नका. 'गाडी उभी असताना गरम हवा, चालताना थंड' असं लिहा. त्यातून कंडेन्सरचा पंखा चालत नसल्याचा अंदाज येतो. 'गाडी झटके देते' याऐवजी 'थंड असताना नाही, वीस मिनिटांनंतर, पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना' असं लिहा.

५. जॉब कार्डवर सही करण्याआधी वाचा. 'ग्राहकाच्या खर्चाने' या रकान्यावर आधीच खूण केलेली असते. तिथे 'वॉरंटी मंजुरीच्या अधीन; मंजुरीशिवाय भाग उघडू नये' असं हाताने लिहून सही करा आणि प्रतीचा फोटो घ्या.

६. एस्टिमेट दोन भागांत मागा: तपासणीचा खर्च वेगळा, दुरुस्तीचा वेगळा. मंजुरी आली की तिचा नंबर किंवा ईमेल घ्या. 'साहेबांनी हो म्हटलंय' ही मंजुरी नव्हे.

७. काढलेले जुने भाग बघायला मागा. वॉरंटीत बदललेला भाग कंपनी परत घेते, तो तुमचा नसतो, पण फोटो काढता येतो. तुमच्या पैशाने बदललेला भाग मात्र तुमचा. घरी न्या, विशेषतः वाद होण्याची शक्यता असेल तर.

८. बिलावर भागाचा नंबर आणि त्या भागाची नवी वॉरंटी लिहून घ्या. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला शेजारी बसवून, लक्षण ज्या परिस्थितीत यायचं नेमकी तीच परिस्थिती आणून गाडी चालवून बघा. गरम झाल्यावर येणारा दोष वर्कशॉपच्या आवारात दोन फेऱ्या मारून दिसणार नाही.

नेहमीचे आजार आणि ते कोणाच्या खात्यात जातात

सस्पेन्शनचा खडखडाट सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात स्वस्तही पडतो. लिंक रॉड आणि स्टॅबिलायझर बुश काही शे रुपयांचे; वॉरंटीच्या मागे लागण्यापेक्षा बदलून मोकळे व्हा. शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळत असेल तर वेगळी गोष्ट. मूळ वॉरंटीत गळती बहुधा धरलेली असते, नुसती मऊ पडलेली उशी धरत नाहीत.

क्लचचं काम खिशातून करायचंच असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकदम बदला. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदाच लागते; नुसती प्लेट बदलून सहा महिन्यांनी बेअरिंगसाठी पुन्हा तीच मजुरी भरणारे कमी नाहीत. फ्लायव्हीलवर निळे चट्टे किंवा चरे आहेत का, मागचं ऑइल सील कोरडं आहे का, हे त्याच वेळी बघायला सांगा. एएमटी गाडीत नवा क्लच बसवल्यावर स्कॅनर लावून सिस्टिमला नवा क्लच 'शिकवावा' लागतो. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये हे राहून गेलं की झटके तसेच राहतात आणि दोष अ‍ॅक्च्युएटरवर ढकलला जातो.

एसी कमी थंड झाला की आधी गॅस भरून देतात. गॅस आपोआप संपत नाही. संपला म्हणजे कुठेतरी गळती आहे. नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघायला सांगा. कंडेन्सर पुढे असतो, दगडाने फुटला तर तो अपघात, वॉरंटी नाही. कूलिंग कॉइल फुटली तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरीच भागापेक्षा जड होते. इथे वॉरंटीसाठी भांडणं फायद्याचं.

बीएस सहा डिझेल गाडीतला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी काजळीने भरतो. दिवा लागल्यावर हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी चालवली तर बऱ्याचदा साफ होतो. तुंबलेला डीपीएफ वॉरंटीत घेत नाहीत, 'वापराचा दोष' म्हणतात. तुम्ही गाडी घेऊन आठवडाच झाला असेल तर काजळी जुन्या मालकाची आहे. अधिकृत सेंटरचा स्कॅनर काजळीचं प्रमाण दाखवतो, ते पहिल्या तपासणीच्या कागदावर लिहून घ्या.

इंजेक्टर आणि पंपाचे क्लेम 'भेसळीचं इंधन' म्हणून नाकारतात. पेट्रोल-डिझेलची ऑनलाइन भरलेली बिलं इथे कामाला येतात, आणि इंधनाचा नमुना तपासल्याचा अहवाल तुम्ही मागू शकता. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, कापून जोडलेले हॉर्न-लाइटचे वायरिंग, रीमॅप केलेला (आतलं सेटिंग बदललेला) इसीएम यांमुळे संबंधित भागांची वॉरंटी जाते. पण म्युझिक सिस्टिम बदलली म्हणून गिअरबॉक्सचा क्लेम नाकारला तर संबंध काय, ते लेखी विचारा.

खिशातून करायच्या कामांत ब्रेक, टायर, स्टिअरिंग, कूलिंग आधी. आवाज, रंग, म्युझिक नंतर. पार्ट घेताना कंपनीच्या खोक्यातला आणि तोच भाग बनवणाऱ्या उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यातला, यांत बहुतेकदा फरक फक्त किमतीचा असतो. आरसा, दिवा, दरवाजा कुर्ल्याच्या बाजारातून जुना आणला तरी चालेल. ब्रेकचा आणि एअरबॅगचा भाग जुना कधीच नको.

क्लेम नाकारला तर

तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. 'झीज', 'आधीपासूनचा दोष', 'सर्व्हिस चुकली' ही तीन उत्तरं ठरलेली आहेत. 'आधीपासूनचा दोष' हे उत्तर विक्रेत्यानेच दिलं असेल तर ते जपून ठेवा: गाडी सदोष होती हे त्याने स्वतः कबूल केलं. 'सर्व्हिस चुकली' म्हणत असतील तर ज्या भागाचा दोष आहे त्याचा त्या सर्व्हिसशी काय संबंध, ते विचारा. ऑइल उशिरा बदललं म्हणून पॉवर विंडोची मोटर जळत नाही.

इथून पुढे गाडी कोणाकडून घेतली यावर सगळं ठरतं. डीलर किंवा कंपनीकडून, स्वतःच्या वापरासाठी घेतली असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. बिल न देणं आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, ती नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, या दोन्ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहेत. म्हणून गाडी परतच करायची असेल तर तसं पहिल्या ३० दिवसांत लेखी कळवा. शेजाऱ्याकडून किंवा ऑनलाइन जाहिरात बघून थेट मालकाकडून घेतली असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता बहुधा बंद. तिथे दडवलेल्या गोष्टीबद्दल दिवाणी दावा, आणि मीटर मागे फिरवल्याचा पुरावा असेल तर पोलिसांत फसवणुकीची तक्रार. क्लच आणि बुशसाठी मात्र या वाटेला जाऊ नका. वकिलाची फी क्लचपेक्षा जास्त होते.

डीलरला आधी नोटीस पाठवा, वकील लागत नाही. एका पानात तारखा, दोष, मागणी आणि १५ दिवसांची मुदत. स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोच जपा. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथून निकाल मिळत नाही, पण मोठ्या विक्रेत्यांकडून फोन येतो आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार इथेच, आणि तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात; डीलर मुंबईचा आणि तुम्ही जळगावचे असाल तर जळगावात. पाच लाखांपर्यंतच्या गाडीला शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीस लाखांपर्यंत ४००. दोष उघड झाल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. ऑनलाइनही करता येते. व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्रही जोडा, म्हणजे नंतर आक्षेप नको.

आयोग गाडी तज्ज्ञाकडून तपासून घेऊ शकतो. म्हणून तोवर दोष जागेवर राहिला तर उत्तम. पण रोजच्या वापराची गाडी महिनोन् महिने उभी ठेवणं सगळ्यांना परवडत नाही. दुरुस्ती करावीच लागली तर विक्रेत्याला आधी लेखी कळवा की अमुक तारखेला अमुक वर्कशॉपमध्ये काम करत आहोत, येऊन बघा. तटस्थ सर्व्हेअरचा किंवा अधिकृत सेंटरचा लेखी अहवाल घ्या, काम होताना व्हिडिओ काढा, काढलेला भाग पिशवीत घालून त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा.

नोटीस गेल्यावर विक्रेता अनेकदा अर्ध्या खर्चावर तडजोड पुढे करतो. ती घ्यायला हरकत नाही. दोन वर्षांच्या वादापेक्षा आज मिळालेले निम्मे पैसे पुष्कळदा बरे. पण कागदावर कोणता भाग, नवा की जुना, मजुरी कोणाची, काम किती दिवसांत आणि त्या कामाची वॉरंटी किती, हे सगळं येऊ द्या. 'माझी आता कोणतीही तक्रार नाही' या ओळीखाली सही मात्र गाडी हातात आल्यावर, निदान दोनशे किलोमीटर चालवून झाल्यावर करा.